सातच्या जागी

बशीनं झाकलेला चहा. बशीवर धुळीचा थर.

*

गुरुसिद्ध बिराजदारच्या अंगाला गुळाचा वास यायचा. पाच हजार फुटांवरून खाली आला तरी यायचा.

*

नियम अकरा. राखीव वैमानिकाने वर्षभरात किमान साठ तास स्वतः विमान चालविले पाहिजे. तास कमी भरल्यास त्याचे नाव यादीतून काढण्यात येईल.

*

गिरणीच्या टेलिफोन बोर्डावर चाळीस भोकं होती. सोमवार ते शुक्रवार मी त्यांच्यासमोर बसायचो. नुसतं 'हॅलो' ऐकून माणूस ओळखायचो. कधी चुकलो नाही.

*

हंचाटे वकील कोर्टात तोंड उघडण्याआधी दोनदा खाकरायचे. पक्षकार म्हणायचे, पहिलं खाकरणं जज्जसाठी, दुसरं समोरच्या वकिलासाठी.

*

"का बे अंबू, आज मी कोण आहे?"

बिराजदारनं जिन्यातूनच विचारलं. विमानतळाच्या मनोऱ्याला लाकडी जिना होता आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळून वर यायचा.

"फळ्यावर बघा की सावकार," मी म्हणालो. "सकाळी सहा. दुपारच्याला सात."

"दुपारी सातच? मग जेवण हलकं करतो. वकिलाच्या पोटाला भाकरी सोसत नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीत हंचाटे वकील बसले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरू, हळू बोल. तेलंग खाली आहे."

हे सगळं सोलापूरच्या बाहेरच्या माळावर चालायचं. राखीव हवाई दलाचं एक पथक तिथं होतं. वर एक कमान, म्हणजे हुकूम देणारं मुख्य कार्यालय, आणि कमानीच्या हाताखाली सात शहरांत सात पथकं. प्रत्येक पथकात कायमचे नोकर दहा-अकरा, बाकीचे आम्ही शनिवार-रविवारचे. कुणी वकील, कुणी गुळाचा व्यापारी, कुणी माझ्यासारखा गिरणीतला टेलिफोनवाला. युद्ध लागलं की लढणारी पथकं सरहद्दीकडे जातात आणि मागं त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. दुरुस्त झालेली विमानं आणायची असतात, टपाल न्यायचं असतं, नव्या पोरांना शिकवायचं असतं. त्या रिकाम्या जागा भरायला आम्ही. तेलंग साहेब हे आमचे कायमचे अधिकारी. भरतीच्या दिवशी ते प्रत्येकाला सांगायचे, "तू दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा माणूस आहेस. एवढं समजलं की सगळं समजलं."

बिराजदारला ते जरा जास्तच समजलं होतं.

रेडिओवर नावं घ्यायची नाहीत, फक्त क्रमांक, असा नियम. बिराजदार सहा, हंचाटे सात. माणशी साठ तासांचंच पेट्रोल यायचं. बिराजदारचे साठ तास श्रावणातच संपायचे आणि मग तो रविवारी माळावर येऊन नुसता विमानांना हात लावत फिरायचा. हंचाट्यांचे तास मात्र तसेच पडून. चौदा महिन्यांपूर्वी ते एका ढगात शिरले होते. बाहेर आले, नीट उतरले, आणि त्यानंतर विमानात चढले नाहीत. काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण यादीतून नाव गेलं तर? शहरात वकील ढिगानं होते, खांद्यावर पट्टी असलेला वकील एकच होता. त्यांच्या वडिलांनी मुलाचा गणवेशातला फोटो आपल्या दुकानात देवांच्या ओळीत लावला होता.

तेव्हा बिराजदार सातच्या नावानं उडायचा. मी वहीत लिहायचो: सात, निघालं. सात, उतरलं. तिघांचंच हे गुपित. तेलंग साहेबांच्या खोलीत एक कर्णा लावलेला होता, त्यातून त्यांना रेडिओवरचं सगळं ऐकू जायचं. म्हणून बिराजदार हंचाट्यांचा आवाज काढायचा. आधी दोनदा खाकरणं, मग ते कोर्टातलं सावकाश, शब्द ठेवत ठेवत बोलणं. पहिल्या वेळी मी हसू आवरायला रुमाल तोंडात धरला होता.

सहा महिन्यांनी हसू येईनासं झालं.

आवाज काढणाऱ्याचा स्वतःचा आवाज खाली कुठंतरी राहतोच. तो मला बोर्डावर नेहमी सापडायचा. बिराजदारचा सापडेना. हंचाटे माझ्या शेजारी बशीतून चहा पीत असायचे आणि वरून हंचाटे बोलायचे. मी एकदा सहज त्यांच्याकडे पाहिलं, तर वरचा आवाज चालू असताना त्यांचे ओठ हलत होते.

त्या रविवारी दुपारी मळभ होतं. बिराजदार सातच्या नावानं उडाला. अर्ध्या तासानं आवाज आला:

"सात. ढगात शिरतोय."

मग बराच वेळ खरखर. मग तोच आवाज, अगदी शांत:

"दांडीवर माझ्या हातांखाली अजून दोन हात आहेत. मी सोडले तरी चालेल."

हंचाट्यांच्या हातातली बशी पडली.

तासाभरानं बिराजदार वर आला, गुळाचा वास घेऊन. हंचाट्यांनी त्याची कॉलर धरली. "तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"हातांचं! मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही ते!"

"वकील, सोडा आधी. कसले हात? ढगात शिरल्यावर मी बोलायचं बटण दाबलंच नाही. गाणं म्हणत होतो. विचारा या अंबूला, माझं गाणं ऐकलं असतं तर हा पळून गेला असता."

तो थट्टा करत नव्हता. त्याचा थट्टेचा आवाज मला माहीत होता. मी वहीत ते वाक्य सवयीनं लिहून बसलो होतो. मी त्याच्यावर काट मारली.

हंचाटे खाली जाताना मला म्हणाले, "अंबादास, वर जो उडतो ना, तो गुरू नाही. तो मी आहे. इथं चहा पितो तो कोण, ते मला माहीत नाही."

मार्चमध्ये बोलावणं आलं. सगळ्यांना तीन आठवडे हजर व्हायचं. सरहद्दीवर हालचाल होती, नेहमीची पथकं गेली होती. त्याच टपालात कमानीचं दुसरं पत्र होतं. दुसऱ्या एका पथकात खोटे तास सापडले होते. उडणाऱ्यावर, ज्याच्या नावावर उडाला त्याच्यावर आणि नोंद करणाऱ्यावर खटले. तेलंग साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पत्राची घडी घालता घालता माझ्याकडे पाहिलं. बहुतेक सहजच पाहिलं असेल. माझ्या घरात सहा खाणारी तोंडं होती, मिळवता मी एकटा.

आणि फळ्यावर हुकूम लागला: दुरुस्ती डेपोतून दोन विमानं आणणे. वैमानिक सहा आणि सात. एकाच वेळी.

हंचाटे फळ्यासमोर उभे राहिले. कागदावर त्यांचे साठ तास भरलेले होते. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"मी दोन विमानं एकदम नाही ना चालवू शकत," बिराजदार म्हणाला. "नाहीतर तीही आणली असती."

"गुरू, मला जमणार नाही."

"जमतंय हो. माझ्या मागं-मागं या. मी पुढं, तुम्ही माझ्या शेपटीला. बायकोच्या मागं लग्नात फिरला नव्हता का? तसंच."

"बायको माझ्या मागं फिरली होती."

"तुमच्यात तसं असंल. आमच्यात आम्हीच फिरतो."

हंचाटे त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. दोघे सकाळच्या गाडीनं डेपोकडे गेले.

ते निघाल्याची तार दुपारी तीनला आली. चारला वारा सुटला. सोलापूरच्या माळावर मार्चमध्ये जी धूळ उठते ती पिवळी नसते, भाजलेल्या विटेच्या रंगाची असते. मनोऱ्याच्या काचेतून आधी धावपट्टीचं टोक दिसेनासं झालं, मग पट्टी, मग खालचा आगीचा बंब. वाऱ्याचा आवाज एवढा की टेबलावरच्या यंत्राला कान लावून बसावं लागत होतं.

त्या यंत्राचं काम सोपं होतं. वैमानिक बोलला की एक काटा त्याच्या दिशेला वळायचा. मी काट्यावरचा आकडा वाचायचा, त्यावरून परतीची दिशा त्याला सांगायची. त्या दिशेनं तो आला की घरी. पण तो बोलला पाहिजे, आणि मी उत्तर दिलं पाहिजे.

साडेचारला आवाज आला. बिराजदारचाच, स्वतःचा, गुळाचा. "सहा. दिशा द्या. इकडं लई घाण झालंय."

मी दिशा दिली. विचारलं, "सात कुठं आहे?"

"माझ्या मागं होता. आता दिसत नाही. त्याला हाका मारतोय, बोलत नाही."

मी सातला हाका मारल्या. काही नाही. दर दोन मिनिटांनी सहाला दिशा देत गेलो. पाच वाजून तीन मिनिटांनी तो म्हणाला, "सहा. पट्टी दिसली. उतरतोय."

मी वहीत लिहिलं आणि हात कपाळाला लावला. एक तरी आला.

दहाएक मिनिटं गेली. जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. मी म्हटलं, "सावकार, या. चहा ठेवलाय झाकून."

दारात हंचाटे उभे होते.

डोक्यापासून पायापर्यंत विटेच्या रंगाचे. भुवयासुद्धा. त्यांच्या मागून तेलंग साहेब आले, त्यांनी वकिलांच्या पाठीवर थाप मारली तशी धूळ उडाली. "शाबास! या असल्या धुळीत! रेडिओ बंद, तरी रेल्वेचे रूळ धरून आले, म्याकल!" ते मला आडनावानंच हाक मारायचे.

"सहा कुठं आहे?" मी विचारलं.

"म्हणजे? मी तेच विचारायला आलोय. त्यानं उतरतोय म्हणून सांगितलेलं मी खाली ऐकलं. आणि पट्टीवर आहे हे एकच विमान."

तेवढ्यात यंत्रातून कुणीतरी दोनदा खाकरलं.

"सात," हंचाट्यांचा आवाज म्हणाला. "दिशा द्या."

काटा वळला. पूर्वेला, चौऱ्याण्णववर, आणि थरथरत राहिला.

मनोऱ्यात आम्ही तिघं होतो. हंचाटे माझ्यापासून दोन हातांवर उभे होते आणि त्यांचं तोंड बंद होतं. या वेळी ओठही हलत नव्हते. मी बघितलं.

"हा काय प्रकार आहे?" तेलंग साहेब म्हणाले. "हा तर हंचाट्यांचा आवाज. वर्षभर मी माझ्या खोलीत हाच आवाज ऐकतोय. हंचाटे, बोला काहीतरी. तुमचा क्रमांक सांगा."

हंचाट्यांनी तोंड उघडलं. आवाज आला तो यंत्रातूनच:

"सात. दिशा द्या."

"म्याकल, कोण आहे हा?"

मला माहीत होतं कोण आहे. चाळीस भोकांसमोर बसणाऱ्याला आवाज ओळखता येतो, पण हा मी आवाजावरून ओळखला नव्हता. आवाज हंचाट्यांचाच होता. मी हिशेबानं ओळखला होता: वर एकच माणूस राहिला होता. आणि तो बिराजदार आहे असं मी म्हटलं की वर्षभर सात म्हणून कोण उडत होतं, हे त्याच वाक्यात सांगून झालं असतं.

"दुसऱ्या कुठल्या तरी तळाचं येतंय साहेब," मी म्हणालो. "धुळीत असं होतं. त्यांच्याकडेही सात असेलच की."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग सहाला बोलवत राहा. मी जीप घेऊन पट्टीच्या पलीकडं बघायला माणसं धाडतो. खाली खोलीतून ऐकतोच आहे." आणि ते उतरले.

मी बटण दाबलं. "सहा, सहा. तुमची जागा सांगा."

"सात. दिशा द्या."

"सहा, उत्तर द्या."

"सात," आवाज म्हणाला. तितकाच शांत, शब्द ठेवत ठेवत. "सात अजून वर आहे. दिशा द्या."

काटा ब्याण्णव. मग अठ्ठ्याऐंशी. तो जवळ येत नव्हता, गोल फिरत होता.

मी हंचाट्यांना म्हटलं, "वकीलसाहेब, आकडा सांगून टाकतो. नुसता आकडा. नाव नाही, क्रमांक नाही."

त्यांनी पुढं होऊन माइकवर हात ठेवला. धुळीनं हाताच्या रेघा लालभडक दिसत होत्या.

"देऊ नकोस."

"तो बिराजदार आहे."

"गुरू उतरला. तूच लिहिलंस ना वहीत, उतरतोय म्हणून? गुरू उतरलाय. हा तो आहे. ढगातला. मी खाली आलोय अंबादास, मी आज एकटा, माझ्या हातांनी खाली आलोय. आता याला खाली आणशील तर मी कुठं जाऊ?"

ते रडत होते. मी त्यांचा हात झटकू शकलो असतो. बारीक चणीचे गृहस्थ, मी गिरणीतला. मी झटकला नाही. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. भीती होती हे खरं. त्या आवाजाची होती आणि खालच्या कर्ण्याचीही होती. दोन्हींतली कुठली मोठी, ते मी आजवर नीट सांगू शकलेलो नाही.

मी अधूनमधून सहाला हाक मारत राहिलो. कर्ण्यातून ऐकू जावी म्हणून. दर वेळी उत्तर सातचं आलं. कधी दोनदा खाकरून, कधी न खाकरता. पावणेसहाच्या सुमाराला तो आवाज एकदा म्हणाला, "सात, घाबरू नका. मी बोलतोय. ऐकू येतंय ना?" मला वाटलं, हे तो मला म्हणतोय.

हंचाट्यांनी कानांवर हात घेतले.

पाच वाजून बावन्न मिनिटांनी काटा शून्यावर पडला आणि पडून राहिला. सव्वासहाला वारा थांबला. माळ स्वच्छ दिसायला लागला, शेवटच्या दगडापर्यंत.

विमान दुसऱ्या दिवशी नळदुर्गच्या अलीकडे एका नांगरलेल्या रानात सापडलं. टाकी कोरडी होती. चौकशी झाली. मी सांगितलं, सहा उतरतोय म्हणाला, त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. वहीत तसंच होतं, त्यामुळे वही आणि मी एकच बोललो. तेलंग साहेबांनी त्या दुसऱ्या तळाच्या सातबद्दल काही विचारलं नाही. उन्हाळा संपायच्या आत त्यांनी बदली मागून घेतली. हंचाट्यांचे तास मंजूर झाले, धुळीतून विमान आणल्याबद्दल कमानीचं प्रशस्तिपत्र आलं. ते त्यांनी घेतलं. वकिली मात्र सोडली. कोर्टात उभं राहिलं की तोंडातून आवाज फुटत नाही, असं लोक सांगायचे.

बाराव्यानंतर बिराजदारची बायको गिरणीच्या फाटकावर आली. महानंदा तिचं नाव. सोबत दीर होता, तो लांब उभा राहिला.

"तुम्ही त्यांचं शेवटचं ऐकलं म्हणं," ती म्हणाली. "काय बोलले हो?"

"उतरतोय म्हणाले, वहिनी."

"घरी यायचं म्हटल्यावर त्यांचा आवाज खुश व्हायचा. तसा होता का?"

"तसाच होता."

"मग उतरले का नाहीत?"

फाटकावरचा भोंगा वाजला. दुसरी पाळी सुटली, माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जायला लागली. ती उत्तरासाठी तशीच उभी होती. मी म्हणालो, मला बोर्डावर जायचंय.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली.

त्या दिवशी पाच वाजून चार मिनिटांनी सहा क्रमांकाच्या विमानानं पट्टीवर चाकं टेकवली होती. आगीच्या बंबावरच्या सिद्राम कोळ्यानं ते पंचवीस हातांवरून पाहिलं; चौकशीत त्याला कुणी विचारलं नाही, मला त्यानं मागाहून सांगितलं: वैमानिकानं मान वळवून मागच्या आभाळाकडं, सात असायला हवा होता तिकडं, बघितलं आणि विमान न थांबता परत वर गेलं.